ठेव, पॉलिसी आणि म्युच्युअल फंड: टक्केवारी कशी वाचावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले आहेत आणि त्यांच्या रकमेचे काय करावे यावर घरात चर्चा चालू आहे. आपल्यासमोर तीन कागद आहेत. पहिला एका पतसंस्थेचे पत्रक आहे, ज्यात पाच वर्षांच्या ठेवीवर 'सरासरी वार्षिक उत्पन्न ११.२१ टक्के' असे लिहिले आहे. दुसरा विमा एजंटाने आपल्या नावाने करून दिलेला तक्ता आहे: वर्षाला ५०,००० रुपये याप्रमाणे २० वर्षांत १० लाख भरायचे आणि अखेरीस १८ लाख घ्यायचे. तिसरा आपण अंबडच्या कंपनीत लागल्यानंतर सुरू केलेल्या दरमहा १०,००० रुपयांच्या एसआयपीचे, म्हणजे म्युच्युअल फंडातल्या मासिक हप्त्यांच्या गुंतवणुकीचे, पहिल्या वर्षाचे विवरणपत्र आहे, ज्यात एका रकान्यात ५.८३ आणि शेजारच्या रकान्यात १०.९ टक्के परतावा दिसतो. यातले शब्द कळत नसल्यामुळे निर्णय अडला आहे, तेव्हा कोणते शब्द आधी शिकावेत, असे आपण विचारले आहे.

माझ्याकडे येणारे बहुतेक लोक शेअर बाजाराच्या शब्दांपासून सुरुवात करतात, कारण ते अवघड वाटतात. माझ्या मते मराठी घरातले जास्तीत जास्त नुकसान सोप्या वाटणाऱ्या शब्दांमुळे होते: व्याज, बोनस, उत्पन्न, सुरक्षित. कोणतीही टक्केवारी समोर आली की ती कोणत्या रकमेवर आणि किती काळासाठी मोजली आहे, एवढे विचारण्याची सवय लागली, तर परिभाषेचा निम्मा डोंगर तिथेच उतरून होतो. म्हणून मी शब्दांची यादी देण्याऐवजी आपल्याच तीन कागदांवर हा प्रश्न लावून दाखवतो.

पतसंस्थेच्या पत्रकापासून सुरुवात करू. पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात 'द.सा.द.शे. ९ टक्के, तिमाही चक्रवाढ' असे असणार, कारण ११.२१ हा आकडा नेमका तिथूनच येतो. दर तिमाहीला २.२५ टक्के व्याज मुद्दलात मिळवत गेल्यास वर्षभरात १०० रुपयांचे १०९.३१ होतात, म्हणजे प्रभावी वार्षिक दर ९.३१ टक्के झाला. याच गतीने पाच वर्षांत एक लाखाचे सुमारे १,५६,०५० रुपये होतात. आता या ५६,०५० रुपयांना पाचने भागले की वर्षाला ११,२१० रुपये येतात आणि त्यालाच 'सरासरी वार्षिक उत्पन्न' असे नाव दिले जाते. गणित चुकीचे नाही, पण त्यात चक्रवाढीने पाच वर्षांत जमलेले व्याज सरळव्याजाच्या पद्धतीने वाटून दाखवले आहे, त्यामुळे मुदत जितकी लांब तितका हा आकडा फुगतो. हाच दर दहा वर्षांसाठी लावला तर 'सरासरी उत्पन्न' १४ टक्क्यांच्या वर जाईल, प्रत्यक्षात मात्र आपण ९.३१ टक्क्यांवरच असू. दोन ठेवींची तुलना करताना प्रभावी वार्षिक दरच पाहावा. दुसऱ्या कोणत्याही सरासरीकडे लक्ष देण्याचे कारण नाही.

दामदुप्पट योजनांनाही हेच लागू आहे. त्यात टक्का लिहिलेलाच नसतो, फक्त महिने असतात, आणि लोकांना 'दुप्पट' हा शब्द टक्क्यापेक्षा अधिक भावतो. अशा वेळी ७२ या संख्येला वर्षांनी भागावे, म्हणजे अंदाजे चक्रवाढ दर मिळतो. ९६ महिन्यांत, म्हणजे आठ वर्षांत दुप्पट याचा अर्थ सुमारे ९ टक्के. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ७.५ टक्के दराने किसान विकास पत्र ११५ महिन्यांत दुप्पट होते, आणि ७२ भागिले ७.५ केल्यास ९.६ वर्षे, म्हणजे साधारण ११५ महिनेच येतात. कागद-पेन्सिलने एका मिनिटात होणारी ही पडताळणी वडिलांनाही शिकवून ठेवावी.

कर्जाच्या बाजूने हाच खेळ उलटा चालतो. तो आपण विचारला नाही, पण गाडीच्या किंवा ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये आज ना उद्या त्याच्याशी गाठ पडेल, म्हणून दोन वाक्ये. 'फ्लॅट १० टक्के' दराने एक लाख रुपये वर्षभरासाठी घेतले तर १०,००० रुपये व्याज मिळवून बारा हप्ते पाडले जातात आणि प्रत्येक हप्ता ९,१६७ रुपयांचा होतो. पण पहिल्या हप्त्यापासूनच मुद्दल परत जाऊ लागलेले असते आणि व्याज मात्र पूर्ण लाखावर पूर्ण वर्षाचे आकारलेले असते, त्यामुळे घटत्या शिलकीवर हा दर जवळजवळ १८ टक्के पडतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांसाठी बँका आणि वित्त कंपन्यांनी मुख्य तथ्यांचे एक पत्रक देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे, आणि त्यात प्रक्रिया शुल्कासह एकूण वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. तो एकच आकडा मागून घ्यावा.

आता विम्याचा तक्ता. एजंटाने '१० लाखांचे १८ लाख, म्हणजे ८० टक्के फायदा' असे सांगितले असेल, आणि आपण मनात ८० भागिले २० करून वर्षाला ४ टक्के असे धरले असेल. दोन्ही हिशेब अपुरे आहेत. पहिल्यात काळच नाही. दुसऱ्यात सगळी रक्कम पहिल्याच दिवशी भरली असे गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात पहिला हप्ता वीस वर्षे गुंततो आणि शेवटचा एकच वर्ष. प्रत्येक हप्त्याला त्याचा स्वतःचा काळ देऊन, सर्व हप्ते मिळून १८ लाख होण्यासाठी कोणता एकच चक्रवाढ दर लागेल असा प्रश्न घातला, की उत्तर सुमारे ५.३ टक्के येते. या उत्तराला अंतर्गत परतावा दर किंवा आयआरआर म्हणतात. हा मुळात वाईट आकडा आहे असे मी म्हणत नाही. करसवलत आणि विम्याचे संरक्षण लक्षात घेऊन काही कुटुंबे तो जाणूनबुजून स्वीकारतात. पण ८० टक्के ऐकून सही करणे आणि ५.३ टक्के माहीत असून सही करणे यांत फार अंतर आहे.

त्या तक्त्यातला 'बोनस' हा शब्दही इथे उलगडतो. १० लाखांच्या विमा रकमेवर हजारी ४० रुपये बोनस जाहीर झाला तर वर्षाला ४०,००० रुपये होतात, वीस वर्षांत ८ लाख, आणि विमा रक्कम मिळवून १८ लाख. नोकरदार माणसाला बोनस म्हणजे दिवाळीच्या आधी हातात येणारी रक्कम वाटते, इथे मात्र तो मुदतीअखेरीपर्यंत मिळत नाही. जाहीर झालेला पारंपरिक बोनस विमा रकमेवर मोजला जातो, साचलेल्या बोनसवर नाही, म्हणून त्याला चक्रवाढ लागत नाही आणि पुढच्या वर्षांचा बोनस जाहीर होईपर्यंत त्याची हमीही नसते. तक्त्यात ४ टक्के आणि ८ टक्के असे दोन स्तंभ असतील तर ते कंपनीच्या गुंतवणुकीवर धरलेले अंदाजी दर आहेत, आपल्याला मिळणाऱ्या परताव्याचे नाहीत. आपण आधीच सही केली असेल तर पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करण्याचा अधिकार आपल्याला आहे. त्याला फ्री लुक कालावधी म्हणतात. त्यानंतर पॉलिसी मोडल्यास जे मिळते ते समर्पण मूल्य, आणि सुरुवातीच्या वर्षांत ते भरलेल्या हप्त्यांहून बरेच कमी असते.

तिसरा कागद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्या स्वतःच्या पैशाचा आहे आणि त्यात शब्दही सर्वाधिक आहेत.

त्यातला पहिला शब्द एनएव्ही, म्हणजे एका युनिटचे, फंडातल्या एका हिश्शाचे, निव्वळ मालमत्ता मूल्य. फंडाकडे असलेल्या सर्व शेअर आणि रोख्यांची त्या दिवसाची बाजारभावाने किंमत काढून, त्यातून देणी वजा करून, एकूण युनिटच्या संख्येने भागले की तो मिळतो. १० रुपये एनएव्हीचा नवा फंड 'स्वस्त' आणि ५०० रुपयांचा जुना फंड 'महाग' ही समजूत इतकी पक्की आहे की नव्या फंडांची विक्री अजूनही तिच्यावर चालते. १०,००० रुपयांत एकाचे १,००० युनिट येतील आणि दुसऱ्याचे २०. दोन्ही फंडांतील शेअर १० टक्क्यांनी वाढले तर दोन्हीकडे ११,००० रुपयेच होतील. एनएव्हीची मोठी किंवा लहान संख्या भविष्याबद्दल काहीच सांगत नाही. विवरणपत्रात आपल्या १०,००० ऐवजी ९,९९९.५० रुपयांचेच युनिट मिळालेले दिसत असतील, तर तो ५० पैशांचा फरक १ जुलै २०२० पासून म्युच्युअल फंडाच्या खरेदीवर लागू असलेल्या ०.००५ टक्के मुद्रांक शुल्काचा आहे. तो दरमहा कापला जातो आणि त्यात कोणाचीही चूक नाही.

आता ५.८३ आणि १०.९ यांचे कोडे. वर्षभरात आपण १,२०,००० रुपये भरले आणि विवरणपत्राच्या दिवशी त्याचे मूल्य १,२७,००० रुपये झाले. ७,००० रुपयांचा नफा १,२०,००० वर मोजला की ५.८३ टक्के येतात. याला निरपेक्ष किंवा ॲब्सोल्यूट परतावा म्हणतात, आणि त्यात काळाचा विचारच नाही. परंतु आपला पहिला हप्ता बारा महिने गुंतला होता आणि शेवटचा एकच महिना. सरासरीने प्रत्येक रुपया साधारण साडेसहा महिनेच कामाला लागला. प्रत्येक हप्त्याची तारीख आणि रक्कम लक्षात घेऊन वार्षिक दर काढला की तो सुमारे १०.९ टक्के येतो. हाच एक्सआयआरआर. विम्याच्या तक्त्यावर आपण जे केले तेच हे गणित आहे, फक्त तिथे हप्त्यांमधले अंतर सारखे होते आणि इथे तारखा कशाही असल्या तरी चालते. म्हणजे पॉलिसीचे ५.३ आणि एसआयपीचे १०.९ हे एकाच पट्टीने मोजलेले आकडे झाले आणि शेजारी ठेवून पाहता आले. मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे: एका वर्षाचा एक्सआयआरआर फार चंचल असतो. शेवटच्या पंधरवड्यात बाजार पाच टक्के खाली आला असता तर आपला जवळजवळ सगळा नफा पुसला गेला असता आणि हाच आकडा शून्याच्या जवळ दिसला असता. एका वर्षाच्या १०.९ वरून वीस वर्षांचे स्वप्न रंगवू नये.

सीएजीआर, म्हणजे चक्रवाढ वार्षिक वाढ दर, हा एकरकमी पैशासाठी आहे: अमुक दिवशी टाकलेल्या १०० रुपयांचे तमुक दिवशी किती झाले, याचा वार्षिक दर. फंडाच्या जाहिरातीत तो असतो. लासलगावच्या बाजार समितीचा कांद्याचा किमान, कमाल आणि सरासरी भाव वर्तमानपत्रात छापून येतो, पण शेतकऱ्याच्या हातात येते ती त्याच्या ट्रॉलीची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, आणि ती त्याने कोणत्या दिवशी किती क्विंटल नेले यावर ठरते. सीएजीआर हा छापून आलेला भाव आहे आणि एक्सआयआरआर ही आपली पट्टी. एखाद्या फंडाचा पाच वर्षांचा सीएजीआर उत्तम असूनही त्याच फंडात तेजीच्या शेवटी मोठी रक्कम टाकून पडझडीत बाहेर पडलेल्यांचा एक्सआयआरआर उणे असू शकतो, आणि तसे अनेकांचे झालेले मी पाहिले आहे.

सरासरी परतावा या शब्दापासून मात्र दूर राहावे. पहिल्या वर्षी ५० टक्के वाढ आणि दुसऱ्या वर्षी ४० टक्के घट झाली तर साधी सरासरी अधिक ५ टक्के येते, पण १०० रुपयांचे आधी १५० आणि मग ९० झालेले असतात. खरा वार्षिक दर उणे ५.१ टक्के असतो. घट ही नेहमी आधी वाढलेल्या रकमेवर लागते, हे सरासरीत हरवते.

त्यानंतर खर्चाचे शब्द. एक्स्पेन्स रेशो म्हणजे फंड चालवण्याचा वार्षिक खर्च. तो आपल्याकडून वेगळा मागितला जात नाही, रोजच्या एनएव्हीतूनच थोडाथोडा वजा होतो, म्हणून कोणाला टोचत नाही. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेला 'डायरेक्ट' हा पर्याय आहे, ज्यात वितरकाचे कमिशन नसते. 'रेग्युलर' मध्ये ते असते. दोन्हींची गुंतवणूक तीच, व्यवस्थापक तोच, फरक फक्त खर्चाचा. तो फरक एक टक्का असेल तर काय होते ते पाहावे. केवळ हिशेबासाठी १२ टक्के दर धरला तर १० लाखांचे २० वर्षांत ९६.४६ लाख होतात आणि ११ टक्क्यांनी ८०.६२ लाख. एका टक्क्याची किंमत सुमारे १५.८ लाख रुपये, म्हणजे मूळ मुद्दलाच्या दीडपटीहून जास्त. तरीही मी प्रत्येकाला डायरेक्टचाच सल्ला देत नाही. पडझडीत फोन उचलून एसआयपी बंद करू नका असे समजावणारा आणि वारसांची नोंद तपासून देणारा वितरक त्याचे कमिशन कमावतो. जो फक्त फॉर्म भरून गेला आणि पुन्हा कधी दिसला नाही, त्याला वीस वर्षे ट्रेल कमिशन, म्हणजे गुंतवणूक चालू असेपर्यंत मिळत राहणारे कमिशन, देण्याचे कारण मला कधी पटलेले नाही.

एक्झिट लोड म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी पैसे काढल्यास कापली जाणारी रक्कम. अनेक इक्विटी, म्हणजे शेअरच्या, फंडांत ती एका वर्षाच्या आत १ टक्का असते, आणि एसआयपीच्या प्रत्येक हप्त्याचे वर्ष स्वतंत्र मोजले जाते. 'आयडीसीडब्ल्यू' हा आपल्याला वडिलांच्या दृष्टीने आकर्षक वाटलेला पर्याय म्हणजे पूर्वीचा 'डिव्हिडंड' पर्याय. १ एप्रिल २०२१ पासून सेबीने, म्हणजे शेअर बाजार आणि फंडांवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाने, त्याचे नाव बदलायला लावले, कारण फंडाचा लाभांश ही वरकड कमाई नसून आपल्याच युनिटच्या मूल्यातून बाहेर काढलेले पैसे असतात. २ रुपये वाटले की एनएव्ही तेवढ्याने खाली येतो, आणि मिळालेली रक्कम आपल्या उत्पन्नात धरून त्यावर कर लागतो. नियमित रक्कम हवी असेल तर ग्रोथ पर्यायात राहून, म्हणजे नफा फंडातच वाढू देऊन, दरमहा ठरावीक रक्कम काढणे, म्हणजे एसडब्ल्यूपी, बहुतेक वेळा कराच्या दृष्टीने सरस ठरते.

फंडांच्या नावांतले शब्द लवकर आटपू. सेबीच्या ऑक्टोबर २०१७ च्या वर्गीकरणानुसार बाजारमूल्याने पहिल्या १०० कंपन्या लार्ज कॅप, १०१ ते २५० मिड कॅप आणि २५१ पासून पुढच्या स्मॉल कॅप. बाजारमूल्य म्हणजे शेअरचा भाव गुणिले एकूण शेअर. लार्ज कॅप फंडाला किमान ८० टक्के रक्कम पहिल्या शंभरात ठेवावी लागते. फ्लेक्सी कॅपला अशी वाटणी नाही, फक्त किमान ६५ टक्के शेअरमध्ये हवेत.

आपण थेट शेअर घेत नाही म्हणता, म्हणून त्या शब्दांत फार शिरत नाही. पण लाभांशाची टक्केवारी हे 'कोणत्या रकमेवर' या प्रश्नाचे इतके चांगले उदाहरण आहे की ते सोडवत नाही. एखादी कंपनी '२०० टक्के लाभांश' जाहीर करते आणि ऐकणारा थक्क होतो. हे २०० टक्के दर्शनी मूल्यावर असतात. दर्शनी मूल्य ५ रुपये असेल तर लाभांश १० रुपये झाला, आणि बाजारात शेअर ४,००० रुपयांना असेल तर आपल्या पैशावरचे लाभांश उत्पन्न पाव टक्का. दर्शनी मूल्य ही कंपनीच्या दफ्तरातली नाममात्र संख्या आहे आणि ती बदलतेही. ओझरला जिचा विमान कारखाना आहे त्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने २०२३ मध्ये १० रुपयांच्या एका शेअरचे ५ रुपयांचे दोन शेअर केले, तेव्हा भागधारकांकडचे शेअर दुप्पट झाले आणि भाव त्याच प्रमाणात निम्म्यावर आला. कोणी श्रीमंत झाले नाही. पीई म्हणजे भाव भागिले प्रतिशेअर नफा. भाव ८०० आणि नफा ४० तर पीई २०. तो कमी म्हणजे स्वस्त असे सरसकट समजू नये, कारण नफा लवकरच घसरणार आहे असे बाजाराला वाटत असेल तरीही पीई कमी दिसतो.

आता 'सुरक्षित' या शब्दाकडे वळतो, कारण वडिलांच्या पैशाचा निर्णय खरे तर इथे आहे. जोखीम एक नसते. मूल्य रोज वरखाली होणे ही एक, पैसे परतच न येणे ही दुसरी, आणि पैसे आहेत पण हवे तेव्हा निघत नाहीत ही तिसरी. शेअरच्या फंडात पहिली जोखीम डोळ्यांना रोज दिसते, म्हणून तो 'धोक्याचा' वाटतो. ठेवीत पहिली जोखीम नसते, म्हणून ती 'सुरक्षित' वाटते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या जोखमीबद्दल कोणी विचारत नाही. बँकेतील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेमागे ५ लाख रुपये आहे. त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही धरले जातात आणि एकाच बँकेच्या सर्व शाखांतील ठेवी एकत्र मोजल्या जातात. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या नागरी आणि जिल्हा सहकारी बँकाही यात येतात. पतसंस्था मात्र बँक नसते. ती सहकार कायद्याखाली नोंदलेली असते आणि तिच्या ठेवींना हे विमा संरक्षण नाही. आपल्या जिल्ह्यात चांगल्या चालवलेल्या पतसंस्था आहेत आणि गावोगावच्या छोट्या व्यावसायिकाला त्यांनीच उभे केले आहे, हे मी मान्य करतो. तरीही बँकेपेक्षा मिळणारे दीड-दोन टक्के जादा व्याज हे नेमके या न घेतलेल्या विम्याचे मोल आहे, आणि निवृत्तीच्या एकरकमी पैशाने ते कमावण्यात मला अर्थ वाटत नाही.

तिसऱ्या जोखमीला रोखता किंवा लिक्विडिटी म्हणतात. आडगावकडचा प्लॉट 'आज ५० लाखांचा' असतो तो बोलण्यात, व्यवहार ठरून खरेदीखत होईपर्यंत तो आकडा कोणाच्या खात्यात येत नाही. सराफ बाजारात सोने विकायला रोखतेची अडचण नाही, पण दागिना घेताना मजुरी आणि ३ टक्के जीएसटी, आणि मोडताना घट, असा खरेदी-विक्रीतला फरक पडतो, आणि तेवढा भाव चढल्याशिवाय मुद्दलही सुटत नाही.

रोखे, म्हणजे सरकारला किंवा कंपनीला ठरलेल्या व्याजाने दिलेल्या कर्जाचे कागद, किंवा त्यांत गुंतवणारे डेट फंड हे शब्द वडिलांना कोणी सुचवले तर एक गोष्ट समजून घ्यावी: व्याजदर वाढले की जुन्या रोख्यांचे भाव पडतात. १,००० रुपयांचा, ७ टक्के व्याजाचा, दहा वर्षे शिल्लक असलेला रोखा आहे आणि बाजारात नवे रोखे ८ टक्क्यांनी मिळू लागले, तर जुना घ्यायला कोणी १,००० देणार नाही. त्याचा भाव सुमारे ९३३ रुपयांवर येईल, म्हणजे नव्या खरेदीदाराला ८ टक्केच पडतील. या पडणाऱ्या दराला यील्ड म्हणतात. मुदत जितकी लांब तितका भावाचा हा हेलकावा मोठा, म्हणून दोन वर्षांनी लागणारे पैसे दीर्घ मुदतीच्या गिल्ट, म्हणजे सरकारी रोख्यांच्या, फंडात ठेवू नयेत, जरी तिथे सरकार पैसे बुडवणार नसले तरीही.

शेवटचा विषय हातात काय पडते याचा. आपण ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह ३१.२ टक्के कर जाऊन ७ टक्क्यांच्या ठेवीचे ४.८२ टक्के उरतात, आणि महागाई ५ टक्के असेल तर खरेदीशक्ती किंचित घटते. याला वास्तव परतावा म्हणतात. तो उणे असला तरी पासबुकात कुठेही उणे दिसत नाही. वडिलांचा कर-टप्पा कमी असल्यास त्यांच्यासाठी तीच ठेव अधिक चांगली ठरते, म्हणून एकाच घरात एकच योजना दोघांना सारखी नसते. शेअर फंडांच्या नफ्यावर, १२ महिन्यांनंतर विकल्यास, २३ जुलै २०२४ पासून वर्षाला सव्वा लाखाच्या वरील रकमेवर १२.५ टक्के आणि त्याआधी विकल्यास २० टक्के कर आहे. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या डेट फंडाच्या नफ्यावर ठेवीप्रमाणेच टप्प्यानुसार कर लागतो.

तेव्हा आपल्या तीन कागदांबद्दल माझे मत असे. वडिलांच्या रकमेचा पाया ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घालावा. तिची मर्यादा ३० लाख आहे, मुदत पाच वर्षे, व्याज दर तिमाहीला हातात मिळते, आणि पैसे टाकताना असलेला दर पूर्ण मुदतीसाठी कायम राहतो. उरलेले दोन-तीन बँकांत प्रत्येकी ५ लाखांच्या आत वाटावे, व्याज साचून मर्यादा ओलांडली जाणार नाही इतकी जागा ठेवून. पतसंस्थेत ठेवायचेच असेल तर बुडाले तरी घर हलणार नाही इतकेच. विम्याचा तक्ता बाजूला ठेवून आपल्या नावाने निव्वळ मुदत विमा घ्यावा, ज्यात मुदतीअखेरीस आपण हयात असल्यास परत काहीच मिळत नाही आणि म्हणूनच तो स्वस्त असतो. एसआयपी चालू राहू द्यावी.

संगणकावरच्या कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये एका रकान्यात तारखा आणि दुसऱ्यात रकमा लिहाव्यात, भरलेल्या उणे चिन्हाने आणि मिळणाऱ्या अधिक चिन्हाने, आणि त्यावर एक्सआयआरआरचे सूत्र लावावे. एजंटाचा तक्ता, पतसंस्थेचे पत्रक आणि फंडाचे विवरणपत्र तिघांचाही दर एका ओळीत येईल. यापुढे कोणी नवी योजना घेऊन आले तर त्याच्याकडे तक्त्याऐवजी तारखा आणि रकमा मागाव्यात, आणि तो सेबीकडे नोंदणीकृत सल्लागार म्हणून आपल्याकडून फी घेणार आहे की एआरएन या नोंदणी क्रमांकाचा वितरक म्हणून फंडाकडून कमिशन, हे त्याच बैठकीत विचारून घ्यावे.